सुटी वाटी

फ्रान्समधल्या बोर्दो शहराचा कानले हा केक पहिल्यांदा पाहणाऱ्याला करपलेला वाटतो. उंची पाच-साडेपाच सेंटिमीटर, अंगावर उभ्या पन्हळी, रंग गडद तपकिरी आणि पन्हळींच्या धारेवर जवळजवळ काळा. दात लावला की कडक कवच फुटतं आणि आत ओलसर, जाळीदार, व्हॅनिला आणि रमच्या वासाचा मऊ गर लागतो. साहित्यात अवघड काही नाही. दूध, अंड्याचे बलक, साखर, मैदा, थोडं बटर. मिश्रण एक-दोन दिवस फ्रीजमध्ये मुरवायचं आणि तासभर भाजायचं. पण हेच मिश्रण त्याच ओव्हनमध्ये मफिनच्या ट्रेमध्ये ओतलं, तर बाहेर येतं ते फिकट, चिवट आणि कडेला चिकटलेलं. पाककृतीत एका ग्रॅमचाही फरक नसतो. बदललेला असतो तो साचा.

बेकिंगबद्दल मराठीत आता उदंड लिहिलं, बोललं जातं. मैदा कोणता, यीस्ट किती, अंड्याला पर्याय काय, यावर घराघरांत चर्चा चालते. साच्याकडे मात्र आपण आकार देणारी वस्तू एवढ्याच नजरेने पाहतो: गोल हवा तर गोल, फुलाचा हवा तर फुलाचा. मला हे अपुरं वाटतं. भरताना कुठलाही साचा चांगलाच असतो. त्याची परीक्षा होते ती पदार्थ सोडताना. आणि ज्यांनी शे-दीडशे वर्षं एकच पदार्थ करून त्याचा साचा घडवत आणला, त्यांतले कितीतरी जण शेवटी एकाच उपायावर येऊन थांबलेले दिसतात. प्रत्येक नगाला स्वतःची सुटी वाटी.

कानलेचा साचा मी पहिल्यांदा हातात घेतला तो पुण्यात, घरून बेकिंगच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका ताईंच्या ओट्यावर. तांब्याचा, तळहातावर मावेल एवढा, पण आकाराच्या मानाने चांगलाच जड. बाहेरून तांबूस, आतून रुपेरी. ‘‘आत बोट फिरवून बघा,’’ त्या म्हणाल्या. पन्हळीच्या खोबणीत कुठेही कोपरा लागत नाही. भिंत आणि तळ जिथे मिळतात तिथेही गोलाई आहे. तोंड तळापेक्षा किंचित रुंद आहे. एवढं किंचित, की सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. त्यांनी पातेलीत मधमाशीचं मेण आणि बटर एकत्र वितळवलं, गरम केलेला एक साचा चिमट्याने उचलला, त्यात ते मिश्रण काठोकाठ ओतलं आणि लगेच परत पातेलीत ओतून टाकलं. मग साचा जाळीवर उपडा ठेवला. दोन थेंब गळले. थोड्या वेळाने आत पाहिलं तर रुपेरी भिंतीवर दुधट, पातळ, एकसारखा थर धरलेला. साचा गार असेल तर हा थर जाड बसतो आणि तळाशी मेण साठून केकचा माथा पांढुरका, मेणचट होतो. म्हणून साचा गरम हवा आणि मेणही गरम हवं. मेण साठ-पासष्ट अंशांच्या मधे कुठेतरी वितळतं आणि गार होताच घट्ट होतं, त्यामुळे ते भिंतीवरून ओघळून तळाशी जमत नाही; नुसतं तूप किंवा तेल जमतं.

आतला रुपेरी थर म्हणजे आपली कल्हई. दुसरं काही नाही. तांबं आंबट पदार्थाशी थेट भिडू नये म्हणून त्याला कथलाचा लेप द्यायचा, ही युक्ती बोर्दोत आणि पुण्याच्या कसबा पेठेत एकच आहे. तांबट आळीत मठारकाम करणारे कारागीर आणि दारोदार भाता घेऊन फिरणारा कल्हईवाला यांना हा साचा हातात घेताच कळेल. भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर निघाला की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने फिरवून घ्यायचं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. हा आकडा साच्याच्या बाबतीत फार कामाचा आहे. कानले भाजताना सुरुवातीची काही मिनिटं ओव्हन २३० ते २५० अंशांवर ठेवायची पद्धत आहे. आत मिश्रण भरलेलं असेल तर त्यातलं पाणी उष्णता शोषत राहतं आणि भिंत त्या तापमानापर्यंत पोचत नाही. पण बारा साच्यांच्या ट्रेमध्ये मिश्रण अकरांनाच पुरलं आणि बारावा रिकामा साचा तसाच आत गेला, तर त्याची कल्हई ओघळू शकते. त्या ताई रिकामा साचा कधीही ओव्हनमध्ये ठेवत नाहीत; मिश्रण कमी पडलं तर तेवढे साचे बाजूला काढतात. जोडलेल्या ट्रेमध्ये ही सोय नाही.

तांबंच का, याचं उत्तर उष्णतेच्या वहनात आहे. स्टेनलेस स्टीलच्या तुलनेत तांब्याची उष्णतावाहकता पंचवीसपटीच्या आसपास भरते. ॲल्युमिनियम तांब्याच्या निम्म्याहून थोडं वर, साधं पोलाद आठव्या हिश्शाजवळ, आणि सिलिकॉन इतकं खाली की तुलना करण्यात अर्थ नाही. साखर करपल्याचा तो खमंग, कडवट गोडवा यायला केकचा पृष्ठभाग दीडशे-एकशे साठ अंशांपलीकडे जावा लागतो, आणि पाणी असेपर्यंत तो शंभराच्या वर हलत नाही. म्हणजे कडेचं पाणी लवकर उडालं पाहिजे, आतलं टिकलं पाहिजे. तांब्याची भिंत हे काम करते. पन्हळींमुळे भिंतीचं क्षेत्रफळ वाढतं, म्हणजे कवचही वाढतं. त्या नुसत्या शोभेच्या नाहीत. सिलिकॉनच्या साच्यातून कानले फार सहज निघतो, पण अंगाने फिकट राहतो. १९८५ मध्ये बोर्दोच्या केकवाल्यांनी या पदार्थाच्या जपणुकीसाठी स्वतःचा संघ उभारला. तिथली दुकानं आजही तांब्याचे साचे ओळीने मांडून भाजतात, आणि साच्यासाच्यांत दोन-तीन बोटं जागा सोडतात.

ही मधली जागा हाच सुट्या वाटीचा पहिला लाभ. बारा खळ्यांच्या साध्या ट्रेमध्ये मधल्या खळ्या कडेच्या खळ्यांमुळे झाकल्या जातात. तिथे गरम हवा फिरत नाही, ओव्हनच्या भिंतींची थेट धग पोचत नाही. म्हणून कडेचे मफिन तांबूस आणि मधले पांढरट, हा अनुभव घरी बेकिंग करणाऱ्या प्रत्येकाला आहे. आपण ओव्हनला दोष देतो, ट्रे उलटा फिरवतो, पाच मिनिटं वाढवतो. दोष बहुधा ट्रेच्या रचनेचा असतो.

आणि गंमत अशी की छोटा केक मुळात सुट्या भांड्यातच जन्मला. अमेलिया सिमन्स यांचं ‘अमेरिकन कुकरी’ हे पुस्तक १७९६ मध्ये हार्टफर्डला छापलं गेलं. त्यात लहान कपांत भाजायच्या केकची कृती आहे. हे कप म्हणजे घरातलीच भांडी. चुलीच्या भट्टीत असे दहा-बारा कप आत-बाहेर करणं कटकटीचं, म्हणून पुढे ते एकमेकांना जोडले गेले. बॉस्टनच्या नॅथॅनिएल वॉटरमन यांनी १८५९ मध्ये बिडाच्या अशा जोडसाच्याचं पेटंट घेतलं. त्या काळचे हे बिडाचे साचे पाहिले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. खळ्या अरुंद पट्ट्यांनी जोडलेल्या आहेत आणि मधे फटी आहेत, हवा जायला. जोडायचं, पण मधली जागा बुजवायची नाही, एवढी समज त्यांत होती. पुढे पातळ पत्रा एकाच दाबात दाबून अख्खा ट्रे काढण्याची सोय झाली आणि फटी गेल्या. स्वस्त झालं, धुवायला सोपं झालं. भाजणं मात्र बिघडलं.

लिस्बनमध्ये कारण वेगळं आहे. तिथल्या बेलें भागात जेरोनिमुश मठाशेजारी पास्तेल द नाता, म्हणजे कस्टर्ड भरलेल्या पापुद्र्याच्या वाट्या, १८३७ पासून विकल्या जातात. पोर्तुगालमधले धर्मपंथीय मठ १८३४ मध्ये बंद केले गेले आणि मठातली कृती बाजारात आली. मठात अंड्याचा पांढरा भाग कपड्यांना खळ द्यायला जायचा आणि बलक उरायचे, म्हणून बलकांची इतकी मिठाई, असं तिथे सांगतात. बोर्दोतही जवळजवळ हीच गोष्ट ऐकू येते, फक्त तिथे पांढरा भाग वाइन निवळायला जातो. दोन्हीकडे उरलेल्या बलकांसाठी साचा घडला, हा योगायोग मला आवडतो.

नाताच्या वाटीची करणी बारकाईने पाहण्याजोगी आहे. पीठ आणि बटर यांच्या घड्या घालून लाटलेली पातळ पोळी अळुवडीच्या उंड्यासारखी घट्ट गुंडाळायची, गार करायची आणि तिच्या दोन-अडीच सेंटिमीटरच्या चकत्या कापायच्या. चकती कापलेल्या बाजूवर, म्हणजे आतलं वेटोळं दिसेल अशी, पत्र्याच्या छोट्या निमुळत्या वाटीत बसवायची. मग अंगठा पाण्यात बुडवायचा, चकतीच्या मध्यावर दाबायचा आणि पीठ तळाकडून भिंतीवर चढवत न्यायचं. तळ जवळजवळ पारदर्शक होईपर्यंत पातळ, कड मात्र थोडी जाड आणि वाटीच्या वर किंचित डोकावणारी. अंगठा एकाच जागी चालतो; फिरते ती वाटी. डावा हात तिला सतत गोल फिरवत असतो, एखाद्या वेढ्यात काम उरकतं. वेटोळ्याचे पदर त्यामुळे भिंतीत आडव्या कड्या होऊन बसतात आणि भाजल्यावर गोल गोल सुटतात. जोडलेल्या ट्रेमध्ये वाटी फिरवता येत नाही. मनगट वाकडं करावं लागतं आणि पदर एका बाजूला ओढले जातात. बेलेंमध्ये रोज हजारोंनी होणारं हे काम सुट्या वाटीशिवाय झालंच नसतं. भट्टी फार कडक, घरच्या ओव्हनच्या पल्याडची, आणि वेळ थोडा, म्हणून वाटी पातळ पत्र्याची. कानलेला जड तांबं लागतं कारण तो तासभर भाजायचा आहे. नाताला धग पहिल्या मिनिटाला आत घेणारा पत्रा लागतो.

पोर्तुगीज जिथे गेले तिथे हा पदार्थही या ना त्या रूपात पोचला. मकावमध्ये कोलोआनला अँड्र्यू स्टो या इंग्रज माणसाने १९८९ मध्ये आपल्या पद्धतीचा नाता सुरू केला आणि तो तिथून आशियाभर गेला. गोव्यात पोर्तुगीज १९६१ पर्यंत होते, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पाव रोजच्या जेवणात उतरला; नाता मात्र तिथे काही दुकानांपुरताच दिसतो. बिबिंका आणि बाटिका हे गोव्याचे केक मोठ्या भांड्यात होतात, त्यांना वाटी लागत नाही.

आता समजा, आपल्याकडच्या घरगुती ओव्हनसाठी असा साचा नव्याने करायचा आहे: एक सांगाडा आणि त्यात बसणाऱ्या, उचलून काढता येणाऱ्या सहा वाट्या. कागदावर हे सोपं दिसतं. भोसरीत भांड्यांचे सुटे भाग दाबून देणाऱ्या एका काकांना मी चित्र दाखवलं, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो वाटीचा नव्हता. ‘‘भोक केवढं ठेवणार?’’

प्रश्न बिनतोड होता. वाटी ॲल्युमिनियमची आणि सांगाडा पोलादी पट्टीचा असेल तर दोन्ही तापल्यावर सारखे फुगत नाहीत. तोंडाशी ७० मिलिमीटर व्यासाची ॲल्युमिनियमची वाटी १८० अंशांनी तापली की सुमारे ०.२९ मिलिमीटर वाढते. पोलादातलं तेवढंच भोक सुमारे ०.१५ मिलिमीटर. म्हणजे गार असताना चपखल बसणारी वाटी ओव्हनमध्ये भोकात आवळते. त्यात कडेवरून सांडलेलं साखरेचं मिश्रण फटीत जाऊन कडक झालं, की सुटी वाटी सुटी राहत नाही. उपाय म्हणजे वाटीच्या अंगाला भोक टेकूच द्यायचं नाही. वाटीला चार-पाच मिलिमीटरची बाहेर वळलेली कड ठेवायची, तिच्यावर वाटी लोंबू द्यायची आणि अंगाभोवती चांगला मिलिमीटरभर मोकळेपणा सोडायचा. वाटी थोडी खुळखुळली तर खुळखुळू द्यावी. हीच कड चिमट्याने धरायलाही उपयोगी पडते. सांगाड्याला पाय हवेत, म्हणजे वाटीचा बुडखा ट्रेवर टेकत नाही, खालून हवा मिळते आणि हातमोजा घातलेलं बोट खालून घालून वाटी वर ढकलता येते.

वाटी दाबणं हे काकांचं रोजचं काम. पत्र्याची गोल चकती डायवर ठेवायची, पंच खाली येतो आणि पत्रा आत ओढला जातो. एका ओढीत वाटी किती खोल जाईल याला मर्यादा आहे: चकतीचा व्यास पंचाच्या व्यासाच्या दुपटीपलीकडे गेला की तळाच्या वळणावर पत्रा फाटतो. दाब कमी ठेवला तर कडेला सुरकुत्या पडतात. म्हणून उंच वाटी दोन-तीन ओढींत करतात आणि मधे पत्रा तापवून नरम करून घेतात. ‘‘कोपरा मारू नका, गोलाई द्या. मला पण सोपं, तुमच्या केकला पण,’’ असं काकांनी चित्रावर पेन्सिलीने गिरवत सांगितलं. हे शंभर टक्के खरं आहे. ज्या कोपऱ्यात पत्रा फाटतो तिथेच पीठही अडकतं.

भिंतीचा उतार किती, यावर मात्र बेकर आणि कारखानदार यांचं जमत नाही. उतार जास्त असेल तर वाटी दाबायला सोपी, केक निघायला सोपा, वाट्या एकात एक रचायलाही सोप्या. पण उतार वाढला की केक बसका दिसतो आणि तळाशी पीठ कमी, तोंडाशी जास्त, म्हणून भाजणं असमान होतं. चार-पाच अंशांचा उतार बहुतेक पदार्थांना चालतो असं माझं मत झालं आहे. कानलेचा त्याहून उभा असतो, पण त्याच्या मदतीला मेण आहे आणि भाजल्यावर अंग आक्रसून घेणारं कवच आहे. एकात एक रचण्याचा एक धोका कारखान्यात सगळ्यांना ठाऊक असतो आणि घरी कोणालाच नसतो. निमुळत्या वाट्या ओल्या असताना रचल्या की मधली हवा कोंडते, त्या एकमेकींत घट्ट बसतात आणि ओढून निघत नाहीत. कडेखाली एक बारीक पायरी दाबून ठेवली की वरची वाटी त्या पायरीवर थांबते. खर्च जवळजवळ शून्य. तरी बाजारातल्या स्वस्त वाट्यांना ही पायरी सहसा नसते.

पदार्थ सोडवण्याचे दुसरेही मार्ग आहेत. टार्टच्या साच्याचा तळ सुटा असतो. खालून वर ढकलला की भिंत गळून पडते. पण हा साचा पिठाच्या पारीसाठी किंवा बिस्किटाच्या चुऱ्यासाठी. कानलेचं दुधासारखं पातळ मिश्रण त्यात ओतलं तर फटीतून निघून जाईल. छोट्या चीजकेकसाठी सुट्या चकत्यांचे तळ असलेला बारा खळ्यांचा ट्रे मिळतो आणि त्यात लोक हौसेने पातळ केकचं पीठ ओततात. मग ओव्हनचा तळ घासत बसावं लागतं. भिंत उघडणारा साचा आपल्याला चांगला माहीत आहे: मोदकाचा. साचा अखंड असता तर सारण भरलेला मोदक एका बाजूने ओढून काढणं अवघड झालं असतं, म्हणून साचा मधून उभा उघडतो. अशा बिजागरीच्या साच्यात प्रश्न सांध्याचा. उकड जाडसर असल्याने सांध्यातून बाहेर येत नाही. केकचं पीठ आलं असतं.

आणि कागद. मुंबईच्या इराणी बेकऱ्यांतला मावा केक कागदात भाजतात. ग्रँट रोड स्टेशनसमोर १९१४ मध्ये सुरू झालेल्या बी. मेरवानचा मावा केक ज्यांनी खाल्ला आहे त्यांना कागद सोलताना बोटांना लागणारं तूप आठवत असेल. हा कागदही एक सुटी वाटीच, फक्त उलट्या हेतूने वापरलेली. पत्रा आणि पीठ यांच्या मधे आलेला कागद धग अडवतो, कड फिकट आणि मऊ ठेवतो, आणि माव्याचा स्निग्धपणा जपतो. मावा केकला कडक कवच नकोच आहे. म्हणून ‘कोणता साचा चांगला’ हा प्रश्न मला कधी पटत नाही. आधी ठरवा, कड कशी हवी: करकरीत की मऊ. मग धातू, जाडी, कागद हे सगळं त्यातून निघतं.

रंगही त्यातच येतो. चकचकीत पत्रा धग परतवतो, काळपट पत्रा शोषतो. काळ्या नॉन-स्टिक ट्रेमध्ये केकची कड लवकर करपते ती यामुळे; त्यात भाजताना तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरवावं. नॉन-स्टिकच्या लेपाला २६० अंशांची मर्यादा असते, म्हणून नाताच्या कडक भट्टीत तो लेप उपयोगाचा नाही. तिथे साधा पत्रा आणि पिठातलंच बटर पुरतं.

आपल्याकडे नेमकं काय मिळतं, हे पाहायला मी पुण्या-मुंबईतली बेकिंगच्या सामानाची दुकानं पालथी घातली. सिलिकॉनचे रंगीत साचे ढिगाने मिळतात, नॉन-स्टिकचे बारा खळ्यांचे ट्रे मिळतात, ॲल्युमिनियमच्या फुलपाकळीच्या सुट्या वाट्याही स्वस्तात मिळतात. त्या वाट्या चांगल्याही असतात. फक्त त्यांना धरणारा सांगाडा कोणी करत नाही. मग घरी बेकिंग करणाऱ्या बायका एका हाताने गरम ट्रे तोलत, त्यावर सरकणाऱ्या आठ वाट्या सांभाळत ओव्हनपर्यंत जातात. नाहीतर बारा खळ्यांचा ट्रे घेतात, जो पुष्कळदा घरच्या छोट्या ओटीजीत मावतच नाही.

म्हणून हवा तो लोखंडी पट्टीचा सहा भोकांचा सांगाडा, ओटीजीत मावेल असा. भोकं मोकळी, पाय दोन-अडीच सेंटिमीटरचे. वाटीची कड सपाट, तारेवर गुंडाळलेली नको, कारण गुंडाळीत पाणी साठून आतली तार गंजते. कडेखाली पायरी. एवढं भोसरीत, राजकोटला किंवा मुरादाबादला कुठेही होऊ शकतं. काकांनी चित्र ठेवून घेतलं आणि डायचा खर्च किती नग काढले म्हणजे वसूल होईल, याचा हिशेब त्याच कागदाच्या मागे मांडला. मी एकच गोष्ट वाढवून लिहायला सांगितली: वाटी सुटी विकत मिळाली पाहिजे. एक वाटी चेपली, तर दुकानात जाऊन तेवढी एकच आणता यावी. त्यांनी मान डोलावली आणि मापाचा आकडा वाटीच्या बुडाला ठोकून ठेवू म्हणाले, म्हणजे पाच वर्षांनी आणायला गेलेल्या माणसालाही तीच वाटी मिळेल.